पांढरी पाच

१

अम्मी दुपारची उठली की नाही हे आसिमला कधी डोकावून बघावं लागलं नाही. दुकानात बसल्या बसल्या ते त्याला ऐकू येई.

दुकान म्हणजे उमरखेडातल्या त्यांच्या घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे दार, मागे पडदा. पडद्यापलीकडे मधली खोली, तिथे अम्मीची खाट. मधल्या खोलीच्या उजव्या अंगाला स्वयंपाकघर आणि डाव्या अंगाला कोठी. आसिमचे अब्बा, निजामुद्दीन पेटीवाले, यांनी उभ्या जन्मात जमवलेल्या मोडक्या पेट्या त्या कोठीत एकावर एक रचलेल्या होत्या. अब्बा गेले, पेट्या राहिल्या. भजनी मंडळांच्या आणि कव्वालांच्या पेट्या दुरुस्तीला अजूनही इथेच येत, कारण आसिमचा कान बापाचा होता. अम्मी म्हणे, कान बापाचा असेल, डोकं कोणाचं आहे ते अल्लालाच ठाऊक. अम्मीचं नाव हजराबी, आणि तिच्या जिभेवर औषधालाही साखर नव्हती. तिची माया ज्याला हवी त्याने ती त्या कडूपणातूनच वेचून घ्यायची, हे आसिम लहानपणीच शिकला होता.

दुपारची नमाज झाली की ती पडायची आणि उन्हं कलली की उठायची. आधी खाट करकरे. मग दोन ठसके. मग चपलांची फरफट, त्यातही डावीची जास्त, कारण डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि अम्मीने तो तारेने बांधला होता. मग माठावरच्या झाकणाचा आवाज. आणि शेवटी हाक, “आसिम, चाय ठेवू काय?” त्यावर त्याने “ठेव अम्मी” म्हणायचं. घरात अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी चाले, पण हे दोन वाक्यांचं देणंघेणं तो शाळेत होता तेव्हापासून तसंच होतं. लग्न झालं, पोरं झाली, तरी त्यात काडीचा बदल नव्हता.

मे महिन्यातल्या एका दुपारी ठसके आले, चपला आल्या, झाकण वाजलं, हाक आली. आसिम “ठेव अम्मी” म्हणाला आणि त्याच्या हातातली कानस तशीच थांबली. खाट वाजली नव्हती.

अम्मी चहा घेऊन आली तेव्हा त्याने विचारलं, गरमी होते म्हणून जमिनीवर झोपलीस का.

“जमिनीवर कायले झोपू?” ती म्हणाली. “मले खालून उठता येते काय? खाटेवरच होती मी.”

ती गेल्यावर त्याने आत जाऊन खाटेवर हात टेकला. खाट नेहमीसारखी करकरली. पत्रे तापले की आवाज करतात, त्यात एखादा आवाज हरवत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि कामाला लागला.

२

आसिमचा खरा धंदा ऑर्केस्ट्राचा. लग्नात कीबोर्ड वाजवायचा आणि लग्नसराई संपली की पेट्या दुरुस्त करायच्या. पण त्या वर्षांत कापसाने सगळ्या जिल्ह्याचाच ताल बिघडवून ठेवला होता. माणसं लग्नं करायची थांबत नाहीत, लग्नं होतच होती. मांडवातून ऑर्केस्ट्रा तेवढा गेला आणि त्याच्या जागी कोपऱ्यात एक स्पीकर आला. ऑर्केस्ट्राच्या मालकाने ड्रम विकले, तेव्हा आसिमने ओळखलं की आता इथे आपलं काही खरं नाही.

तेवढ्यात नागपूरचा सांगावा आला. तिथल्या एका हॉटेलात संध्याकाळी जेवणाऱ्यांसमोर जाझ वाजवणारी तिघांची टोळी होती, त्यातला कीबोर्डवाला परदेशी गेला होता. जूनमध्ये येऊन वाजवून दाखवा, म्हणाले. आसिमची बायको नाहिद मुलांना घेऊन सुट्टीला नेरला माहेरी गेली होती. तिने फोनवर पोरांच्या शाळेपर्यंतचं सगळं ठरवूनही टाकलं. अम्मीने एवढंच विचारलं, की त्या हॉटेलवाल्यांना यवतमाळ जिल्ह्यात कोणी बरा माणूस सापडला नाही का.

जाझ शिकवायला उमरखेडात कोण मिळणार? पण मिळाला. अमरसिंग, फौजेच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवून निवृत्त झालेला म्हातारा. जवळच्या तांड्यावर राहायचा आणि बाजाराच्या दिवशी आसिमच्या ओट्यावर टेकायचा. त्याने साध्या कॉर्डी, म्हणजे एका वेळी दाबायच्या सुरांच्या जुड्या, शिकवल्या, त्या आसिमने आठवड्यात गिळल्या. मग ‘ऑल्टर्ड’ कॉर्ड आली आणि गाडी अडली.

अमरसिंगने समजावलं ते असं. काही कॉर्डी घराकडे तोंड करून उभ्या असतात. अजून घरी गेलेल्या नसतात, म्हणून कानाला चैन पडत नाही. ही त्यातलीच, पण हिचे वरचे सूर मुद्दाम वाकडे केलेले. पांढरी सात, काळी दोन, पांढरी चार, काळी पाच. या चार पट्ट्या तुझ्या. त्यांचा पाया पांढरी पाच, पण तिला तू हात लावायचा नाही, ती खालून बासवाला वाजवणार. मग त्याच चार सुरांची रांग बदलायची. सगळ्यात खालचा उचलायचा आणि वर नेऊन ठेवायचा. पुन्हा खालचा उचलायचा, पुन्हा वर. सूर तेच, रांग वेगळी.

आसिमने चार पट्ट्या दाबल्या. अमरसिंगने त्याच्या मागे बसून पोटातून खालचा सूर गुणगुणला, आणि दुकानात काहीतरी कडू, अर्धवट, श्वास अडकवणारं उभं राहिलं. मग म्हाताऱ्याने मिस्कीलपणे गुणगुणणं बदललं. आता तो काळी एक धरून होता. आसिमची बोटं हलली नव्हती, तरी तीच कॉर्ड एकदम गोड झाली आणि दुसरीकडेच बघायला लागली.

“याले दोन घरं अस्तात बेटा,” अमरसिंग म्हणाला. “खाली पांढरी पाच बसली तर पांढऱ्या एकवर जाते. काळी एक बसली तर काळ्या तीनवर. वरच्या चौघाईले काई समजत नाई, खालचा नेते तिकडं जातात. म्हणून कडू लागली पायजे. गोड लागली, तर समज खाली दुसराच कोणी बसला.”

घरी जायची घाई करू नको, आधी नुसतं उभं राहायला शीक, एवढं सांगून तो नातीच्या लग्नाला झरी जामणीकडे निघून गेला. आसिम एकटा राहिला, आणि खाली गुणगुणणारं कोणी उरलं नाही.

३

कीबोर्ड विजेवर चाले आणि वीज तर दुपारभर गायब. म्हणून आसिम अब्बांच्या पेटीवर सराव करू लागला. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने कॉर्ड. पण जन्मभर पेटीवर साथ केलेला अंगठा कुठे ऐकतो? पाया सोडून वाजवायचं म्हणजे त्याला पाप वाटे. चार पट्ट्या दाबल्या की तो ताणून पांढऱ्या पाचवर जाऊन बसेच.

शेवटी आसिमने पेटीवाल्यालाच सुचेल असा उपाय केला. पेटी उघडली आणि पांढऱ्या पाचच्या खाचेतली पितळी पात, जिला दुकानात सगळे सूरच म्हणत, ती उपसून काढली. बशीत रॉकेल घेतलं आणि पात त्यात टाकून ठेवली.

आता या कामाचे अब्बांचे दोन दंडक होते. सूर काढला तर रिकाम्या खाचेवर लगेच चामड्याचा तुकडा लावायचा. आणि पेटी मिटण्याआधी सा धरून भाता पुरता खाली बसू द्यायचा, मगच कडी घालायची. का, ते अब्बांनी सांगितलं नव्हतं आणि आसिमने विचारलं नव्हतं. वारा गळू नये, चामडं ताणू नये, एवढाच अर्थ असणार. आसिमने दोन्ही दंडक मोडले. चामडं लावलं नाही, कारण उघड्या खाचेतून वारा फुसकन निघे आणि अंगठा चुकला हे तत्काळ कळे. आणि सा धरला नाही, कारण अमरसिंगने सांगितलं होतं की घरी जायचं नाही.

पांढरी पाच दाबली की आता सूर येत नसे. कोणीतरी तोंड उघडून श्वास सोडावा तसा नुसता वारा येई. अम्मी पडद्याशी उभी राहून ते ऐकत होती.

“ते भोक बुजव,” ती म्हणाली. “तुहे अब्बा असं उघडं ठेवत नव्हते.”

आसिम म्हणाला, चार दिवसांचा प्रश्न आहे. अम्मी म्हणाली, चार दिवसांत माणूस कबरीत जाऊन जुना होतो. ती तशीच बोलायची, त्याने हसून सोडून दिलं. खाट वाजली नाही ती दुपार दुसऱ्याच दिवशीची.

अंगठा मात्र सुधारला. लवकरच तो पांढऱ्या पाचकडे बघेनासा झाला. आणि मग एकदा चार सूर नीट धरलेले, अंगठा आपल्या जागी, तरी खाचेतून वारा आला. आसिमने हात उचलला. वारा थांबला. त्याने पट्टीची स्प्रिंग तपासली, ती ठीक होती. जुनी पेटी आहे, कुठूनतरी गळत असेल, असं म्हणून त्याने पेटी तशीच मिटली. भात्यात अजून वारा होता.

४

त्यानंतर अम्मीच्या आवाजांची रांग बदलली.

पहिल्या दिवशी त्याला गंमत वाटली. चपला आल्या, झाकण आलं, हाक आली आणि ठसके सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी आधी झाकण, मग हाक, मग ठसके, मग चपला. म्हातारं माणूस आहे, कधी काय आधी करेल याचा नेम नाही. पण खाट दोन्ही दिवशी वाजली नाही, आणि हे त्याला गमतीचं वाटेना. झाकण उघडायला माणूस माठापर्यंत जायला हवा. मग चपला नंतर कशा वाजतात?

मग त्याला अमरसिंगची रांग आठवली. खालचा उचलून वर ठेवायचा. काल पेटीवर तो ज्या रांगेवर थांबून उठला होता तीच रांग त्याने आज आतून ऐकली होती. ठसके, चपला, झाकण, हाक. चौघंही होती, फक्त पाया, खाटेची करकर, नव्हता.

कान थकले की असं होतं, त्याने स्वतःची समजूत घातली. सूर लावणाऱ्याला रात्रभर उशीत सूर ऐकू येतात, अब्बांनाही येत. त्याने मुद्दाम तिसरी रांग वाजवली, तिच्यावरच थांबला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन पांढरं झालं होतं.

“आसिम, चाय ठेवू काय?” आतून आलं. मग दोन ठसके. मग फरफट. मग झाकण.

त्याने “ठेव अम्मी” म्हटलं नाही. बराच वेळ गेला. मग खाट करकरली, आणि तिच्यामागून काहीच आलं नाही, ठसका नाही की पाऊल नाही. पडदा हलला आणि अम्मी दारात उभी होती, अनवाणी, झोपेतून आत्ताच उठलेल्या चेहऱ्याची. ती त्याच्याकडे बघत राहिली. घसा बसल्यासारख्या हळू आवाजात म्हणाली, “माह्या चपला कुठं गेल्या? खाटेखाली काढल्या होत्या.”

चपला त्यानेच शोधल्या. त्या कोठीत होत्या, पेट्यांच्या राशीसमोर, बोटं बाहेरच्या दिशेला करून, कोणी तिथूनच घालून निघणार असल्यासारख्या.

त्या दिवशी आसिमला पहिल्यांदा सरळ भीती वाटली. ती अशी की अम्मीला काहीतरी होतंय आणि ते आपल्या हातून होतंय. नागपूर, नोकरी, शाळा, सगळं एका बाजूला सरलं. अम्मी जेवताना खोकली का, हे तो ताटावर बसून ऐकत राहिला. ती खोकली नाही. तोंडाशी पदर धरला, छाती हलली, पण आवाज आला नाही.

५

दुसऱ्या दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा बघितला, गरमी आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या.

परत आले तेव्हा दुकानाच्या ओट्यावर सदाशिवराव बसले होते. पलीकडच्या गावचे शेतकरी, त्यांच्या भजनी मंडळाची लहान पेटी दुरुस्तीला आली होती. तिची काळी एक बोलत नव्हती. आसिमने ती पात कालच काढली होती आणि त्याच बशीत, पांढऱ्या पाचच्या शेजारी, रॉकेलात टाकली होती. सप्ताहाच्या आधी पेटी पाहिजे, हे सांगायला सदाशिवराव आले होते. दार नुसतं लोटलेलं होतं, पण ते ओट्यावरच थांबले.

त्यांनी पंच्याने वारा घेत सांगितलं, की ते बराच वेळ बसले, पण कंटाळा आला नाही, तुझी अम्मी आतून अधूनमधून बोलत होती. “चाय ठेवू काय म्हणे. मी म्हटलं ठेवा. दोनदा म्हटलं. चाय काही आली नाही बावा.”

आसिमच्या मागून अम्मी पुढे आली. सदाशिवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग लोटलेल्या दाराकडे पाहिलं, आणि पंचा त्यांच्या हातात थांबला.

“मी दवाखान्यात अन् घरी चाय कोण विचारून राह्यलं?” अम्मीने त्या बसक्या आवाजात विचारलं. “माही सवत आणून ठेवली काय आत?”

सदाशिवराव हसले, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. शेजारच्या घरातला आवाज असेल, या वयात कान दगा देतात, असं काहीतरी म्हणत त्यांनी वहाणा चढवल्या. पेटीची घाई नाही म्हणाले. सप्ताह तोंडावर असताना पेटीची घाई नाही असं म्हणणारा भजनी आसिमने तोवर पाहिला नव्हता.

अम्मीला घेरी आल्यासारखं झालं. त्याने तिला खाटेवर निजवलं, चादर ओढली, चपला खाटेखाली न ठेवता स्वतःबरोबर दुकानात आणल्या आणि गल्ल्यामागे ठेवल्या. तो खाटेपासून उठला तेव्हा अम्मीने त्याचं मनगट धरलं होतं.

“ते भोक बुजव रे,” ती म्हणाली.

“बुजवतो अम्मी. आत्ताच बुजवतो.”

६

त्याने पेटी पुढ्यात ओढली आणि पेचकस घेतला. झाकणाचे स्क्रू काढायला लागला तेव्हा दुपार अगदी थांबलेली होती.

करकर आली. त्याने पेचकस खाली ठेवला, कारण एवढे दिवस तो त्याच आवाजाची वाट बघत होता. मग लक्षात आलं की आवाज खाटेचा नाही. तो डावीकडून आला होता, कोठीतून. तिथे जुन्या लाकडावर कोणाचा तरी भार होता आणि तो भार आता उठला होता. ही करकर खाटेपेक्षा खालच्या आवाजाची होती आणि सावकाश होती, घाई नसलेल्या माणसासारखी.

मग दोन ठसके, कोठीत. मग चपलांची फरफट, मधल्या खोलीतून उजवीकडे जाणारी. आसिमने गल्ल्यामागे पाहिलं, चपला तिथे होत्या. मग स्वयंपाकघरात झाकण. रांग अगदी बरोबर होती, आठवड्यात पहिल्यांदा.

“आसिम, चाय ठेवू काय?”

आवाज अम्मीचाच होता. त्यात कुठे खोट नव्हती. सूर लावणाऱ्या माणसाने तो कानात धरून तपासला, आणि खोट नव्हती म्हणूनच तो जास्त घाबरला. त्याने पडद्याची कड बोटभर सरकवली.

अम्मी खाटेवर होती. उताणी, डोळे उघडे, त्याच्याकडे लावलेले. तिची छाती खोकल्याने हलत होती आणि आवाज येत नव्हता. पाय उचलून जमिनीवर ठेवायची तिची धडपड चालली होती, पण खाट जराही करकरत नव्हती. तिचे ओठ हलले. काय म्हणते ते आसिमला कळलं. तिने तेच दोनदा सांगितलं होतं.

स्वयंपाकघरातून पुन्हा हाक आली, या वेळी जरा जवळून. उत्तर दिलं की काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, पण एक दुपार सोडली तर आजवर आपण प्रत्येक खेपेला “ठेव” म्हणत आलो, हे त्याला आठवलं.

तो पेटीपाशी परत आला तो जवळजवळ रांगतच. झाकण उपटलं. बशीतून पात उचलली, सदऱ्याला पुसली, खाचेत दाबली. जरा सैल बसली. त्याने कागदाची घडी कोंबून ती आवळली. घाईत पातीवरची खूण बघायचं भानच राहिलं नाही. मग डाव्या हाताने भाता भरला, चार सूर धरले आणि अंगठा ताणून, जन्मभराची सवय परत बोलावून, पांढऱ्या पाचवर टेकवला.

कॉर्ड उभी राहिली. भरीव, पूर्ण, कुठेही न टोचणारी. एवढ्या दिवसांत ती कधी इतकी गोड लागली नव्हती. पडद्यामागे पावलं थांबल्याचं त्याला कळलं. आता घरी न्यायचं. कान जिकडे ओढत होता तिकडे त्याने हात जाऊ दिला, एक पट्टी दाबली आणि ती धरून ठेवली, अब्बांसारखी, भाता पुरता खाली बसेपर्यंत.

शांत झालं. माशीसुद्धा घोंघावत नव्हती.

आणि खाट वाजली. ती करकर ऐकून आसिमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ठसके आले, मोठे, छातीतून. चपला वाजल्या. झाकण वाजलं.

“आसिम, चाय ठेवू काय?”

“ठेव अम्मी,” तो म्हणाला. “ठेव.”

पडद्याखालून त्याला पावलं येताना दिसली. फरफट उजव्या पायाची होती. पडदा सरला, अम्मी कप घेऊन बाहेर आली आणि तिने तो त्याच्यासमोर ठेवला. त्याच्या केसांवरून हात फिरवला. “थकला माझा बच्चा,” ती म्हणाली. हजराबीने त्याला असं कधी, तो तापाने फणफणला होता तेव्हाही, म्हटलं नव्हतं.

आसिमने खाली पाहिलं. त्याचं बोट अजून पट्टीवर होतं, काळ्या तीनवर. बशीत, रॉकेलात, एकच पात उरली होती, आणि तिच्यावर अब्बांनी कोरलेली पाचची खूण होती. खाचेत बसली होती ती काळी एक. गल्ल्यामागे अम्मीच्या चपला ठेवल्या जागी होत्या.

७

त्याने दुसऱ्याच दिवशी खरी पात बसवली. चार सूर धरले, पाया दिला, कडू कॉर्ड उभी केली आणि पांढऱ्या एकवर नेली. कितीतरी वेळा नेली. काही झालं नाही. जे एकदा घरी पोचलं ते पुन्हा दारात येऊन उभं राहत नाही.

नागपूरला तो गेला नाही. नाहिद नेरहून आली, थोडी रुसली, मग रमली. तिला सासूची भीती असायची, ती आता राहिली नाही. अम्मी किती गोड बोलतात आजकाल, ती सगळ्यांना सांगते. पोरं आजीच्या अंगावर लोळतात. सदाशिवरावांनी पेटी न्यायला दुसऱ्याला पाठवलं. अमरसिंग आला, त्याने ओट्यावर चहा घेतला, कपात बघून म्हणाला की साखर जास्त झाली, आणि जाझचं काही विचारलं नाही.

अम्मी आता दुपारी झोपत नाही. दुकानात येऊन आसिमसमोर बसते, शेंगा सोलते, चहा पिते.

उन्हं कलली की आत खाट वाजते. खोलीत कोणी नसतं, नाहिद म्हणते लाकूड आहे, वाजायचंच. आसिमला मात्र ती करकर ओळखू येते, ती खालून उठता न येणाऱ्या बाईची आहे. ती उठते. मग तो कानात प्राण आणून ऐकतो. ठसका येत नाही, चप्पल येत नाही, झाकण येत नाही. पुढे काहीच येत नाही. हाक मारायला तिच्याकडे काही उरलेलंच नाही.

काल त्याला राहवलं नाही. खाट वाजली तेव्हा तो हातातलं काम ठेवून पडद्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “ठेव अम्मी. चाय ठेव.”

समोर बसलेलीने कपातून तोंड वर केलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.